नानवरचं निळं फूल

तंदुरातून पहिला नान निघाला, पण खोसियत-ओयींनी तो टोपलीत टाकला नाही. तसाच वाफाळता नान दोन्ही तळव्यांवर धरून त्या उभ्या राहिल्या. हात भाजत असतील, याचंही त्यांना भान नव्हतं.

“केलिन!”

माहलियो आत पलावसाठी गाजरं चिरत होती. ‘केलिन’, म्हणजे सूनबाई: सासूच्या या हाकेचे सगळे सूर तिला पाठ होते. चहाची हाक वेगळी, पाहुण्यांदेखतची गोड हाक वेगळी. ही त्यांतली कुठलीच नव्हती. उठण्याआधी तिने सवयीने नजर फिरवली. ओयदिन उंबऱ्यात बसून बाहुलीला रुमाल बांधत होती. सुरी उंच फळीवर ठेवून माहलियो अंगणात आली.

“हे काय आहे?”

नानच्या मधोमध, जिथे चेकिचच्या सुया टोचलेल्या असतात, तिथे शेवंतीसारखं गोल फूल उमटलं होतं. ते तर रोजच उमटतं. पण आज त्या फुलाचा ठिपका अन् ठिपका निळा होता. टीपकागदावर शाई पसरावी तशी प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट निळी कडा पसरली होती.

“शाई,” माहलियो बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली.

“शाई आहे ते मलाही दिसतंय. डोळे गेलेले नाहीत माझे अजून. शाई कुणाच्या घरात असते? पलीकडच्या खाटकाच्या घरात असते? मशिदीत असते? या गल्लीत एकच घर आहे जिथे भाजी-भाकरीच्या शेजारी शाईच्या डब्या नांदतात!”

एरवीचा दिवस असता तर गोष्ट तिथेच बोलाबोलीवर मिटली असती. पण आज नोदिराचा फातिहा, म्हणजे साखरपुडा, होता. ओयींची धाकटी लेक, माहलियोची नणंद. दुपारी मुलाकडची माणसं येणार, वडीलधारे दुवा मागणार, दोन नान एकावर एक ठेवून मोडणार, आणि मग सोयरीक पक्की. मोडायचे ते हेच नान. पहाटे, एका मिणमिणत्या दिव्याखाली ओयींनी स्वतः कणीक मळली होती, स्वतः गोळे थापले होते, स्वतः चेकिच मारला होता. कुणाला हात लावू दिला नव्हता.

तो चेकिच म्हणजे लाकडी मुठीखाली वर्तुळात बसवलेल्या लोखंडी सुया, एवढंच. पण तो ओयींच्या पेटीतून त्यांच्याबरोबर या घरात आला होता, त्यांच्या आईच्या हातातला. हात धुतल्याशिवाय त्याला कुणी शिवायचं नाही. ठेवायचा तो स्वच्छ फडक्यावर, सुया वर करून. आणि कुणीतरी तो शाईत बुडवला होता.

“ओयदिन! इकडे ये. हात दाखव.”

एक वेणी बांधलेली, एक सुटलेली अशी ती पाच वर्षांची पोर आली आणि तिने हात पुढे केले. उजव्या हाताच्या नखांत रंग होता.

“बघ! बघ केलिन! घरात चोर शोधायची गरज नाही.”

“ओयी, तो हिरवा आहे,” माहलियो म्हणाली. “काल सकाळी मीच तिला पानाचा जुना ठसा दिला होता खेळायला. माझ्यासमोर बसून खेळली. नानवर निळा आहे.”

“हिरवी काय नि निळी काय, शाई ती शाई.”

“बुवी, मी नाही घेतला चेकिच,” ओयदिन आजीला म्हणाली.

“मग काय तो आपल्या पायांनी चालत गेला?”

“मी नाही घेतला.” आणि मोठी माणसं करतात ते पाहून पाहून शिकलेली ती पोर पुढे झाली. तिने आजीच्या हातातल्या नानवर आपला तळवा ठेवला. “नानची शपथ.”

ओयींनी नान झटक्यात मागे ओढला.

“नानवर हात ठेवून खोटं बोलतेस? एवढीशी पोर! नान बाधेल तुला, समजलं? घशात अडकेल!”

ओयदिनचा हात हवेत तसाच राहिला. ती रडली नाही. ती रडली असती तर माहलियोला बरं वाटलं असतं. पोरीने हळूच हात बाहीच्या आत ओढून घेतला आणि आजीच्या हातातल्या नानकडे बघत राहिली. कुंपणापलीकडे कुत्रं बांधलेलं असलं की ती त्याच्याकडे असंच बघत असे.

ओसरीवर नोदिरा बसली होती, धुतलेले केस टॉवेलात गुंडाळून. एरवी घरात पेला फुटला तरी तिला चार वाक्यं बोलायची असतात. कुणी फोडला, कसा फोडला, आणि आधी तो कुणी चुकीच्या जागी ठेवला होता. आज ती मान खाली घालून कंगव्याच्या दातांमधले केस काढत होती. एकेक केस. कंगव्यात केस नव्हतेच.

माहलियोने ते पाहिलं.

उरलेल्या कणकेचे नान काट्याने टोचावे लागले. शेजारणीकडे चेकिच मागायला जायचं म्हणजे आमचा कुठे गेला ते सांगावं लागणार, आणि संध्याकाळच्या आत ते सगळ्या कोकंद शहराला कळणार. “माझ्या मुलीच्या फातिह्याच्या नानला काटा!” असं पुटपुटत ओयी एकेक गोळा टोचत होत्या, जणू त्या गोळ्यांनीच गुन्हा केला होता. निळ्या फुलांचे नान फडक्यात बांधून कपाटावर गेले. नान टाकून देता येत नाही. आणि हे पाहुण्यांना दाखवताही येत नव्हते.

“हा दिवस पार पडू दे,” ओयी म्हणाल्या, “मग तुझी ती सगळी डबडी या घरातून बाहेर. पोरीला चोरी शिकवणारी कला मला नको.”

तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं याची माहलियोलाच खात्री नव्हती. ती आपल्या खोलीत गेली, खुर्चीवर चढली आणि कपाटाच्या माथ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला.

त्या डब्याला कुलूप होतं. किल्ली तिच्या गळ्यात होती. कोरायची पाती असतात डब्यात, शाया असतात, आणि ओयदिन चालायला लागली त्या दिवसापासून माहलियोला झोपेतसुद्धा दिसायचं की पोरीने डबा उघडला, पातं हातात घेतलं, शाई तोंडात घातली. म्हणून कुलूप. म्हणून कपाटाचा माथा. पोर खुर्चीवर खुर्ची ठेवून चढली असती तरी तिचा हात पोचला नसता.

आत सगळं होतं. लिनोलियमच्या तुकड्यांवर कोरून लाकडाला चिकटवलेले तिचे ठसे: रानातला ट्युलिप, बदामाचा मोहोर, निळी आयरिस. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना सुईने उलगडून पाहिलेली फुलं ती तशीच कोरायची. पाकळ्यांचा एक ठसा, शिरांचा दुसरा, देठाचा तिसरा. आधी पाकळ्या फिक्या रंगात, वाळल्या की त्यांवर शिरा गडद, एक केसही इकडचा तिकडे न होता. मग पुन्हा शाई न लावता तोच ठसा जरा बाजूला दाबायचा, म्हणजे मागे पुसट, दूरचं फूल उमटतं. थिएटरजवळच्या पुस्तकांच्या दुकानात तिची कार्डं ठेवलेली असत. आठ मार्चला शिक्षिकांसाठी, नवरोजला सगळ्यांसाठी. कार्ड उलटून लोक विचारायचे, छापील आहे का? दुकानदार म्हणायचा, छे, हाताचं आहे, इथलीच एक बाई करते.

आज निळ्या शाईच्या डबीचं झाकण तिरकं बसलेलं होतं. आणि आयरिसच्या पाकळीचा ठसा धुतलेला नव्हता. त्याच्या खाचांत निळी शाई वाळून कडक झाली होती.

माहलियो ठसा न धुता ठेवत नाही. ताप असला तरी धुते. वीज गेली तर मेणबत्ती लावून धुते.

काल ती ओयदिनला न्हाऊ घालत होती तेव्हा दाराशी नोदिरा आली होती. “केलिनोयी, किल्ली द्या ना जरा, ती छोटी कात्री हवीय.” हात साबणाने भरलेले. माहलियोने मान वाकवली आणि नोदिराने किल्ली गळ्यातून काढून घेतली. त्याच दुपारी मुलाकडे सुमलकचा, गव्हाच्या अंकुरांच्या गोड खिरीचा, वाडगा गेला होता, वर मिठाईचं ताट, आणि ताटात काय काय आहे हे माहलियोला कुणी दाखवलं नव्हतं.

का दाखवलं नव्हतं, तेही तिला ठाऊक होतं. मुलगी बघायला आली तेव्हा मुलाची आई, मुकर्रम-खोला, फडताळातली बदामाच्या मोहोराची कार्डं हातात घेऊन किती वेळ बसली होती. “हे कुणी केलं?” आणि ओयी डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या होत्या, “आमच्या नोदिराचेच हात. तिला बसवतच नाही रिकामं.” माहलियो तेव्हा चहा ओतत होती. तोंडात गुळणी धरल्यासारखी ओतत राहिली. पाहुणे गेल्यावर तिने नोदिराला एवढंच सांगितलं होतं, “तुझ्या नावावर माझं कार्ड एकदा गेलं. दुसऱ्यांदा मी करून देणार नाही.”

म्हणजे नोदिराला कार्ड हवं होतं, आणि मागायला तोंड नव्हतं. आयरिसच्या पाकळ्यांवर शिरा बसवता आल्या नसणार. त्या बसवायला हात लागतो, दोन वर्षं लागतात. मग हाताशी असं काहीतरी हवं की एकदा दाबलं की अख्खं फूल.

ती ठसा मुठीत घेऊनच नणंदेच्या खोलीत गेली. नोदिरा आरशासमोर भुवया रेखत होती.

“हा कुणी वापरला?”

“मला काय माहीत? तुमचा डबा, तुमची किल्ली.”

“काल किल्ली कुणी नेली?”

नोदिराचा हात थांबला. आरशातून तिने माहलियोकडे पाहिलं आणि लगेच डोळे खाली केले. “केलिनोयी, आज नको ना. आज माझा दिवस आहे.”

“तू काय केलंस ते मी विचारतच नाहीये. ते मला कळलंय. त्या पोरीला जाऊन एवढंच सांग की ते तू नाही केलंस, मी केलं. चार शब्द.”

“आणि ओयींना कळलं तर? चेकिच शाईत? आज? त्या अपशकुन म्हणून बसतील, रडतील, पाहुण्यांसमोर चेहरा तसाच घेऊन बसतील. ती लहान आहे हो. लहान पोरांना कोण धरून ठेवतं? उद्या विसरेल.”

“लहान आहे म्हणून तिच्यावर ढकलायचं?”

“मी कुठे ढकललं? मी तर बोललेसुद्धा नाही.”

“तेच तर!” माहलियोचा आवाज चढला आणि अंगणात तिचा नवरा बोतिर चहाचा सामोवार पेटवत होता तो दारात आला. त्याने दोघींकडे पाहिलं, ठशाकडे पाहिलं. काय झालं असेल ते त्याला पुष्कळसं कळलं. कळलंय हे न दाखवायची त्याला सवय होती.

“माहलियो, पाहुणे जाऊ दे. मग बघू. माझ्या बहिणीचा दिवस आहे.”

“आणि तुमची मुलगी?”

“तिला काय झालंय? खेळतेय की.”

ती खेळत नव्हती. जर्दाळूच्या झाडाखाली, पांढऱ्या फुलांच्या सड्यावर, दोन्ही हात बाह्यांत ओढून बसली होती. माहलियोने तिच्यासाठी वाडग्यात शुर्वा आणला, त्यात भिजवायला कालच्या नानचा तुकडा. पोरीने शुर्वा प्यायला. तुकडा काठावरच राहू दिला.

“खा ना राणी.”

“नको. घशात अडकेल.”

“नाही अडकत.”

“बुवी म्हणाली.” मग तिने विचार केला आणि आवाज लहान करून विचारलं, “मी विसरले असेन का गं आई? मी घेतला असेल आणि मला आठवत नसेल?”

आतापर्यंत माहलियोला वाटत होतं की राग म्हणजे तापलेली गोष्ट. हा थंड होता. डोकं एकदम स्वच्छ झालं. पोरीला स्वतःच्याच डोळ्यांवरचा विश्वास उडायला लागला होता. एका सकाळीत. उद्या ती काही विसरणार नव्हती. विसरली असती ती मोठी माणसं.

“तू नाही घेतलास,” ती म्हणाली. “आणि ज्यांनी तुला ते म्हटलंय त्याच तुला सांगतील. आजच.”

दुपारी पाहुणे आले. पुरुष मोठ्या खोलीत, बायका आतल्या. दस्तरखान भरून गेला: बदाम, मनुका, हल्वा, सांबुसा. मुकर्रम-खोला मध्यभागी बसली, धिप्पाड, हसरी, सोन्याच्या दातांची. नोदिरा वाकून चहा देत होती.

“हात बघा पोरीचे,” मुकर्रम-खोला आपल्याबरोबरच्या बायकांना म्हणाली. “थांबा, दाखवतेच.” तिने मोठी पर्स उघडली, रुमाल काढला, गोळ्यांची पाकिटं काढली, आणि त्याखालून एक कार्ड. “काल सुमलकबरोबर पाठवलं. तेव्हापासून पर्समध्ये घेऊनच फिरतेय. बहिणीला दाखवलं, डॉक्टरीणबाईंना दाखवलं.”

कार्ड हातोहात फिरत ओयींकडे आलं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर निळ्या ठिपक्यांची गोल शेवंती. बाजूला बोटाने टेकवलेली दोन हिरवी पानं. खाली नोदिराचं ठेंगणं अक्षर.

“मी तर म्हटलं, हे नानचं फूल!” मुकर्रम-खोला हसली. “अगदी नानवरचं! कशी सुचतात या पोरींना एकेक नक्ष्या. माझ्या घरात येणारी सून नानचं फूल पाठवते, यापेक्षा काय हवं बाई?”

ओयींनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. त्यांच्या आईच्या चेकिचची एक सुई वाकलेली होती. बाहेरच्या वर्तुळात एक ठिपका जरा आत सरकलेला असायचा, या घरातल्या प्रत्येक नानवर, इतकी वर्षं. कार्डावरही तो ठिपका आत सरकलेला होता. ओयींनी नजर वर केली ती थेट नोदिराकडे. नोदिराच्या हातातली चहाची किटली नुसतीच धरलेली राहिली.

माहलियो दारात उभी होती. तिने दोन्ही चेहरे पाहिले. आता, तिला वाटलं. आता ओयी काहीतरी निमित्त काढून उठतील, अंगणात जातील, पोरीला जवळ घेतील.

ओयींनी कार्ड अलगद परत दिलं. “हो,” त्या म्हणाल्या. “हाताला गुण आहे तिच्या.”

मोठ्या खोलीतून आमीनचा आवाज आला आणि पाठोपाठ मोडलेल्या नानचं ताट आत आलं. काट्याने टोचलेले, फुलाशिवायचे नान. कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी बोललं नाही कुणी. मुकर्रम-खोला ज्याला त्याला तुकडा वाटू लागली. “घ्या, घ्या, मुलींनी आधी खायचा, नशीब उघडतं. अगं ती छोटी कुठे? ये गं, ये बाहुले.”

ओयदिन दारापर्यंत आली होती, आईचा झगा धरून. पुढे आलेला तुकडा पाहून तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“घे ना. आत्याच्या फातिह्याचा आहे.”

“मला बाधेल,” ओयदिन म्हणाली.

फातिह्याचा नान नाकारलेलं मूल कुणी पाहिलं नव्हतं. मुकर्रम-खोलाचं हसू तोंडावरच अडकलं. “असं कोण म्हणालं गं?”

आता तरी. माहलियोने सासूकडे पाहिलं. उघड, न लपवता पाहिलं. जाब विचारतात तसं.

ओयी हसल्या. “हट्टी आहे हो. आईवर गेलीय. तुम्ही घ्या, थंड होतंय सगळं.”

माहलियो वळली. ती पळाली नाही. मधल्या खोलीत जाऊन खुर्चीवर चढली, कपाटावरचं गाठोडं काढलं आणि ते दोन्ही हातांवर धरून परत दारात येऊन उभी राहिली. फडक्याची गाठ अजून सुटलेली नव्हती. पण आत काय आहे ते त्या खोलीत दोघींना कळलं. नोदिराचा चेहरा पिठासारखा झाला. ओयी गुडघ्यावर हात टेकत उठल्या, पाहुण्यांकडे बघून मान डोलावली आणि दारात आल्या.

“ठेव ते वर,” त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

“आधी तिला सांगा.”

“पाहुणे आहेत.”

“म्हणूनच आत्ता. पाहुणे गेल्यावर तुम्ही दमलेल्या असाल. उद्या भांडी घासायची असतील. परवा ती विसरली असेल असं तुम्हीच म्हणाल.”

“माझ्या लेकीची सोयरीक मोडायला निघालीस?”

“मला त्या सोयरिकीशी काही कर्तव्य नाही. होऊ दे, सुखी होऊ दे. कार्डंही तिचीच म्हणून सांगा सगळ्या गावाला, मी ब्र काढला नव्हता, आताही काढणार नाही. पण माझी पोर नानला घाबरतेय, ओयी. तिला वाटतंय तिनेच केलं आणि ती विसरली. हे तुम्ही केलंत. पाव तासात केलंत, आणि खरं कळल्यावरही तिला हट्टी म्हणालात.”

“मोठ्यांनी पोरांपुढे मान खाली घालायची आता?”

“मान ताठ ठेवून सांगा. मला चालेल.” तिचं बोट गाठीवर गेलं. “नाहीतर मी हे दस्तरखानावर ठेवते. काही बोलत नाही. नुसतं ठेवते. कार्ड तिथे आहेच.”

ओयींनी तिच्याकडे पाहिलं. ही सून इतकी वर्षं सुरी उंच फळीवर ठेवणारी, पोर शिंकली तरी उठून बसणारी, प्रत्येक गोष्टीला घाबरणारी म्हणून त्यांना ठाऊक होती. आज ती गाठीवरचं बोट मागे घेत नव्हती.

“नोदिरा,” ओयींनी मागे न बघता हाक मारली. “चहापत्ती संपलीय. ये आत.”

मधल्या खोलीत, दार लोटून, त्या चौघी उभ्या राहिल्या. ओयदिन आईच्या मागे.

“सांग,” ओयी लेकीला म्हणाल्या.

नोदिराच्या डोळ्यांतलं काजळ आधीच ओघळायला लागलं होतं. ती खाली बसली, भरजरी झगा जमिनीवर पसरला. “चेकिच मी घेतला होता, ओयदिन. कार्ड करायला. मी पुसला होता, पण सुयांच्या मुळाशी शाई राहिली. तू नाही घेतलास.”

“मी सकाळी सांगितलं होतं,” ओयदिन म्हणाली.

“हो.”

“तू तिथेच बसली होतीस.”

ओयदिन मग आजीकडे वळली. तिला एवढंच हवं होतं. “मग मला बाधणार नाही?”

ओयींनी माहलियोच्या हातांतलं गाठोडं सोडलं, निळ्या फुलाचा एक नान काढला आणि मधोमध मोडला.

“खरं बोलणाऱ्याला नान बाधत नाही,” त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. “तू खरं बोलली होतीस. मी ऐकलं नाही.” आणि आधी स्वतः एक घास घेतला, निळ्या ठिपक्यासकट, चावला, गिळला. दुसरा तुकडा पोरीपुढे धरला.

“निळं नको,” माहलियो पटकन म्हणाली. तिने तो तुकडा सासूच्या हातातून घेतला, मधला भाग काढून टाकला आणि बाहेरची जाड, खुसखुशीत कडा पोरीच्या हातात दिली. ओयदिनने बाहीतून बोटं बाहेर काढली. आईच्या तोंडाकडे बघत एक लहानसा घास घेतला. थांबली. गळ्याला हात लावून पाहिला. मग दुसरा घास घेतला, मोठा.

माहलियो तिसरा घास गिळला जाईपर्यंत तिच्या गळ्याकडे बघत राहिली. राग जाईल असं तिला वाटलं होतं. तो गेला नाही. पुन्हा शाई न लावता दाबलेल्या ठशासारखा फिका झाला, पण त्यातली एकही रेघ पुसली गेली नव्हती.

पाहुणे गेले ते हसत, ताटं परत भरून घेऊन. मुकर्रम-खोलाने जाताना ओयदिनच्या गालाचा मुका घेतला आणि कार्ड पुन्हा पर्सच्या तळाशी नीट ठेवलं.

अंगणात ऊन कलंडलं होतं. ओयी चेकिच घेऊन नळाशी आल्या. तो त्यांनी बोटांत फिरवून पाहिला, सुयांच्या मुळाशी निळा राप दिसत होता.

“केलिन, ही शाई निघते का?”

“निघते,” माहलियो ताटं विसळता विसळता म्हणाली. “सोडा टाकून कोमट पाण्यात भिजवायचा. मग बारीक ब्रशने एकेक सुई मुळापासून घासायची. वेळ लागतो.”

“मग घे ना जरा, तुझा हात बसलाय त्या कामाला.”

“माझा बसलाय,” माहलियो म्हणाली. “पण मी काढणार नाही.”

ताट उपडं ठेवून तिने हात पुसले आणि सासूच्या डोळ्यांत बघितलं. ओयींच्या कपाळावर आठी आली. मग मान वळवून त्यांनी ओसरीकडे हाक दिली, “नोदिरा! झगा बदल आणि ये इकडे.”

नोदिरा जुन्या कपड्यांत येऊन पाट घेऊन बसली. वाडग्यात सोडा, हातात माहलियोच्या डब्यातला ब्रश. तिने घासायला सुरुवात केली. पाणी फिकं निळं झालं. थोड्या वेळाने तिने चेकिच उन्हात धरला आणि म्हणाली, “झालं.”

ओयदिन नानची उरलेली कडा चघळत जवळ येऊन उभी होती. ती वाकली. नाक सुयांना टेकेल इतकी वाकली. माहलियोच्या तोंडाशी “जपून, डोळा” हे शब्द आले होते. ते तिने या एका वेळेला मागे ठेवले.

“नाही झालं,” ओयदिन म्हणाली आणि ओल्या बोटाने दाखवलं. “इथे आहे अजून. इथे पण. ती वाकडी सुई आहे ना, तिच्या खाली.”

नोदिराने आईकडे पाहिलं. ओयी आत निघून गेल्या होत्या. तिने माहलियोकडे पाहिलं.

“ती सांगतेय ना,” माहलियो म्हणाली. “घास.”